चिठ्ठी वाचायची कुणी?

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या किराणा दुकानदाराला माझ्या पुतणीच्या जन्माची बातमी अर्ध्या नातेवाइकांच्या आधी कळली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईने पाठवलेल्या चिठ्ठीत डिंक, खारीक, खसखस, अळीव, गोडंबी असं एकाखाली एक लिहिलेलं होतं. त्याने चिठ्ठीवरून नजर फिरवली, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "काय झालं मग, पोरगा का पोरगी?"

कामांची यादी अशी बोलकी असते. डायरीत माणूस झालं-गेलं लिहितो आणि तेही थोडं सावरून. यादीत तो पुढे काय करणार आहे ते लिहितो, आणि ती फक्त स्वतःसाठी असल्यामुळे काही सावरत बसत नाही. "लॅबमधून रिपोर्ट आणणे. वकिलाला फाइल देणे. एफडी मोडणे. बुटीबोरीच्या मुलाची चौकशी." चार ओळींत घरातलं आजारपण, भांडण, पैशाची तंगी आणि लग्नाची बोलणी, सगळं आलं.

हे आठवायचं कारण माझी वहिनी. ती प्रतापनगरात घरून डबे पुरवते. सकाळचे बावीस, संध्याकाळचे सतरा, पोचवायला दोन पोरं. कुणाला पोळ्या चार, कुणाचा मंगळवार, कोण गावाला गेलं, हा सगळा कारभार आजवर फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर चालायचा. यंदा ती म्हणाली, "भाऊजी, एखादं ॲप टाकून द्या ना फोनमध्ये. पण खालच्या काकू म्हणतात, हे ॲपवाले सगळं वाचतात. खरं आहे काय?"

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे घरच्यांना वाटतं की मी हो किंवा नाही एवढंच सांगून मोकळा होईन. या प्रश्नाला दोन्ही उत्तरं चुकतात. विचारायचं असेल तर असं विचारावं, की मला जी सोय हवी आहे ती देण्यासाठी समोरच्याला माझं लिहिलेलं वाचावं लागतं का? काही सोयींसाठी वाचावंच लागतं. काहींसाठी अजिबात लागत नाही. ॲपवाले मात्र बहुतेक वेळा दोन्हींचं एकच गाठोडं बांधून समोर ठेवतात, आणि आपण ते आहे तसं उचलतो.

एका ओळीचा प्रवास

समजा वहिनीने लिहिलं, "३०२, आजोबा, मीठ कमी, बारा वाजता." ही ओळ आधी तिच्या फोनमधल्या छोट्या डेटाबेसमध्ये साठते. ॲप तिथेच थांबलं तर ते फ्रिजवरच्या कागदासारखंच झालं, म्हणजे घरात येईल त्याने वाचावं, बाहेरच्याला काही कळणार नाही. पण तीच यादी पोरांच्या फोनवरही दिसायला हवी. दोन फोन सहसा एकमेकांशी थेट बोलत नाहीत, कारण एक बंद असतो तेव्हा दुसरा चालू असतो आणि दोन्ही चालू असले तर एकाला रेंज नसते. म्हणून मध्ये कायम जागा असणारा एक संगणक लागतो, तो कंपनीचा सर्व्हर. ओळ तिथे जाते, थांबते, आणि पोराचा फोन जागा झाला की त्याला मिळते. सिंक म्हणतात ते हेच.

या प्रवासात तीन ठिकाणी कुलूप लावता येतं. पहिलं रस्त्यावरचं. फोनपासून सर्व्हरपर्यंत जाताना मधल्या मध्ये, समजा फुकटच्या वायफायवर टपून बसलेल्या कुणा भामट्याला, ती ओळ वाचता येत नाही. हे कुलूप आज जवळपास सगळ्यांकडे असतं. दुसरं गोदामाचं. सर्व्हरची डिस्क कुणी चोरून नेली तरी त्याच्या हाती काही लागत नाही. पण या दोन्ही कुलपांच्या किल्ल्या कंपनीकडेच असतात. "तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे", म्हणजे कुलूपबंद आहे, असं ॲपच्या पानावर ठळक लिहिलेलं दिसतं तेव्हा बहुतेकदा ही दोनच कुलपं असतात. वाक्य खरं असतं, आणि ते चोराबद्दल असतं. दुकानदाराबद्दल ते काहीच सांगत नाही.

तिसरं कुलूप म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन. इथे ओळ फोनमध्येच बंद पाकिटात जाते, आणि किल्ली फक्त वहिनीच्या व तिने निवडलेल्या माणसांच्या फोनमध्ये असते. सर्व्हर पाकीट पोचवतो, आत काय आहे ते त्याला कळत नाही. मी वहिनीला म्हटलं, इतवारीचा दुकानदार आणि पोस्टमन यांच्यात जो फरक आहे, तोच हा. चिठ्ठी वाचल्याशिवाय दुकानदार सामान बांधूच शकत नाही. पोस्टमनला पाकीट फोडायचं कारणच नाही.

अर्थात पाकिटावर पत्ता असतोच. कोणतं खातं, किती फोन, कुणासोबत यादी वाटलेली, कधी काय बदललं, हे पोस्टमनलाही दिसतं. रोज रात्री दोन वाजता यादीत भर टाकणाऱ्या माणसाला झोप लागत नाही, एवढं पाकीट न फोडताही समजतं.

कुठली सोय काय मागते

"सकाळी सहाला कणीक भिजवायची आठवण दे." यासाठी फोनचं घड्याळ पुरतं. दर मंगळवारी तेच काम परत यावं, यालाही सर्व्हर लागत नाही. तारखेने लावणं, रंग देणं, शोधणं, हेसुद्धा फोन स्वतः करू शकतो. "उद्या दहाला" असं लिहिलं की तारीख आपोआप पडते, त्यात कसलीही जादू नाही. "उद्या", "परवा", "सोमवारी" ओळखायचे साधे नियम फोनमध्येच बसतात. म्हणजे यादीच्या ॲपचा रोजचा नव्वद टक्के उपयोग (हा माझा अंदाज, घरातल्या चार फोनांवरून काढलेला) कुणालाही काही न दाखवता होऊ शकतो.

दोन फोनांवर एकच यादी हवी असेल तर सर्व्हर लागतो, पण पोस्टमनच्या भूमिकेत. वाटून घेतलेली यादीही बंद पाकिटातून चालते. तिथे थोडा गुंता असतो, कारण प्रत्येक सभासदाला किल्ली द्यावी लागते, आणि एखादा पोरगा काम सोडून गेला की कुलूपच बदलावं लागतं.

पण "माझे ईमेल बघून त्यातून कामं काढ", "माझा आठवडा आखून दे", "या यादीतलं महत्त्वाचं काय ते सांग", असं म्हटलं की समोर दुकानदार उभा राहतो. एआयची बहुतेक मोठी मॉडेलं कंपनीच्या संगणकांवर चालतात, आणि ओळ उघडी केल्याशिवाय त्यांना ती समजत नाही. यात कुणाची लबाडी नाही. चिठ्ठी दिल्याशिवाय सामान मिळत नाही, एवढंच.

मग सगळेच ॲपवाले बंद पाकीट का देत नाहीत? गूगल टास्क्स, मायक्रोसॉफ्ट टू डू, टूडूइस्ट ही रोजच्या वापरातली नावं घेतली तर तिघांकडेही किल्ली कंपनीकडे असते. एक कारण आमच्याच घरात आहे. वहिनी वर्षातून दोनदा पासवर्ड विसरते. किल्ली कंपनीकडे असेल तर "पासवर्ड विसरलात?" दाबलं की काम झालं. किल्ली फक्त तिच्याकडे असेल आणि तीच हरवली तर बावीस डब्यांची यादी कायमची गेली. कंपनी हळहळेल, पण तिलाही उघडता येणार नाही. ॲपलने डिसेंबर २०२२ मध्ये ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन नावाची सोय आणली. ती चालू केली की आयफोनमधली रिमाइंडर्सची यादीही एंड-टू-एंड होते. पण ती आपोआप चालू नसते, आणि चालू करण्याआधी किल्ली हरवल्यास उपाय म्हणून रिकव्हरी की किंवा विश्वासातला माणूस नेमायला लावते. गोपनीयतेची किंमत अशी असते. पैशात कमी, जबाबदारीत जास्त.

किल्ली कंपनीकडे असल्याने काय होऊ शकतं याचा एक जुना दाखला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये एव्हरनोट या नोंदींच्या ॲपने जाहीर केलं, की त्यांचं मशीन लर्निंग, म्हणजे नोंदींवरून आपोआप शिकणारी यंत्रणा, नीट चालतंय का ते तपासण्यासाठी काही कर्मचारी लोकांच्या नोंदी बघू शकतील. लोक इतके भडकले की कंपनीने काही दिवसांतच पाऊल मागे घेतलं आणि परवानगी देईल त्याच्याच नोंदी बघू असं सांगितलं. नियम एका घोषणेने आला आणि एका घोषणेने गेला. कर्मचाऱ्याला बघता येण्याची सोय मात्र आधीही होती, नंतरही राहिली.

आणि दुकानाचा मालक बदलतो तेव्हा? वंडरलिस्ट हे याद्यांचं, बर्लिनचं लाडकं ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. ॲस्ट्रिड हे तसलंच ॲप याहूने २०१३ मध्ये घेतलं आणि काही महिन्यांतच गुंडाळलं. ॲस्ट्रिडचा कोड मात्र खुला होता, म्हणजे कुणालाही घेऊन वापरता येणारा, म्हणून त्याच्यातून टास्क्स नावाचं (गूगलचं नव्हे, वेगळंच) ॲप उभं राहिलं आणि ते अजून चालतं. खातं न उघडता ते फक्त फोनपुरतं वापरता येतं, हवं तर स्वतःच्या सर्व्हरला जोडता येतं. खुल्या कोडचं कौतुक मला एरवी फार नाही, बरीचशी खुली ॲपं दिसायला अशी असतात की वहिनी बघताक्षणी म्हणेल, "हे काय बाप्पा." पण इथे फायदा दिसतो.

टेबलावर पालथा न ठेवलेला फोन

सर्व्हर, किल्ल्या, कंपन्या हे सगळं खरं असलं तरी माझ्या बघण्यात लोकांची खासगी गोष्ट फुटते ती घरातल्या घरात. आमच्याकडेच झालं. पाहुणे बसलेले, पोहे-तर्री चाललेली, दादाचा फोन टीपॉयवर. तेवढ्यात पडद्यावर उगवलं: "बुटीबोरीच्या मुलाची चौकशी, कंपनीत विचारणे." समोर बुटीबोरीच्या मुलाचे मामा. पुढचं सांगत नाही.

यासाठी कुठलंही एन्क्रिप्शन कामाचं नाही. फोनच्या सेटिंगमध्ये लॉक स्क्रीनवर मजकूर लपवायची सोय असते. ती चालू केली की आठवण आली एवढंच दिसतं, काय आठवण ते नाही. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मला विचाराल तर ॲप बदलण्याआधी हे करावं.

नोटिफिकेशनची आणखी एक गंमत आहे. घड्याळाची आठवण फोन स्वतःच देतो. पण "पोराने डबा पोचवल्याची खूण केली" ही सूचना वहिनीच्या फोनपर्यंत येते ती ॲपच्या सर्व्हरकडून, आणि अँड्रॉइडवर सहसा गूगलच्या, आयफोनवर ॲपलच्या सर्व्हरमार्गे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं, की सरकारं या दोन कंपन्यांकडून अशा सूचनांच्या नोंदी मागतात. नीट बांधलेलं ॲप त्या वाटेने फक्त "काहीतरी नवीन आहे" एवढंच पाठवतं, आणि मजकूर नंतर स्वतः आणतं.

ऑफिसच्या खात्यावर घरची कामं लिहू नयेत, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. ते खातं ऑफिसचं असतं आणि बहुतेक ठिकाणी ॲडमिनला ते उघडता येतं.

जागेवरून आठवण

वहिनीला एक सोय फार आवडली होती. कॉटन मार्केटजवळ गेलं की फोनने सांगावं, "आलं-लसूण घे." यात फोन त्या जागेभोवती एक वर्तुळ आखतो आणि तुम्ही आत शिरलात की ॲपला हाक मारतो. ही आखणी फोनमध्येच होते, सर्व्हरला तुमची जागा कळायची गरज नाही. पण त्यासाठी ॲपला "कायम" लोकेशन द्यावं लागतं, म्हणजे ॲप बंद असतानाही. ॲप सज्जन असेल तर वर्तुळापुरतं वापरेल. नसेल तर वहिनी दिवसभर कुठे गेली याची रेघ काढेल, आणि ती रेघ म्हणजे तिच्या सगळ्या ग्राहकांचे पत्ते.

त्यात ही सोय वाटते तेवढी तल्लखही नसते. वर्तुळ शंभर-दीडशे मीटरपेक्षा लहान ठेवू नये असं गूगलच ॲप बनवणाऱ्यांना सांगतं. सीताबर्डीच्या मेन रोडवर दीडशे मीटरमध्ये किती दुकानं येतात ते नागपूरकराला सांगायला नको. अँड्रॉइड १२ पासून ॲपला अंदाजे जागा देण्याचा पर्यायही आहे, पण तो साधारण तीन चौरस किलोमीटरचा, म्हणजे आलं-लसणासाठी निरुपयोगी. आम्ही ही सोय सोडली. बाजाराच्या दिवशी सकाळी आठची साधी आठवण लावली.

३०२ नंबरचे आजोबा

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. फ्रिजवरचा कागद मी नीट वाचला तेव्हा त्यात हे होतं: "३०२ आजोबा एकटे, मीठ कमी, बीपी. दार न उघडल्यास किल्ली तुळशीच्या कुंडीखाली."

ही माहिती वहिनीची नाहीच. एका एकट्या म्हाताऱ्या माणसाचा आजार, त्याची वेळ आणि त्याच्या घराची किल्ली, तिघांची मोट एका ओळीत. फ्रिजवर ती चार माणसांनी वाचली असती. वाटलेल्या यादीत ती दोन पोरांच्या फोनमध्ये, त्यांच्या बॅकअपमध्ये आणि कंपनीच्या सर्व्हरवर जाणार. आपल्या सोयीसाठी आपली माहिती द्यायची की नाही हे आपण ठरवू शकतो. आजोबांची माहिती देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

कायद्याचंही तसंच म्हणणं आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्रही लिहिलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतात.

त्या कायद्यात मला आवडलेली एक गोष्ट म्हणजे कलम ६ मध्ये दिलेलं उदाहरण. डॉक्टरशी बोलायची सोय करून देणारं एक ॲप वापरणाऱ्या बाईकडे फोनमधल्या संपर्कांची यादीही मागतं आणि ती हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ल्यासाठी संपर्कांची गरजच नाही, तेव्हा तिचा होकार फक्त सल्ल्यापुरता धरायचा. कामाच्या ॲपने संपर्क, माइक, कॅलेंडर मागितलं की हेच विचारायचं, की कशासाठी? संमती मागणारी सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल असंही त्यात आहे.

स्वतःच्या घरगुती कारणासाठी कुणी माहिती ठेवत असेल तर हा कायदा लागू होत नाही. पण डबे विकणं हा धंदा आहे, आणि माहिती ॲपवाल्याच्या हाती सोपवली तरी तिची जबाबदारी धंदेवाल्यावर राहते. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये, असं मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "तेवढ्या पोळ्या लाटायला मला किती जन्म लागतील ते पण सांगा." ही फक्त कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष दंड चुकीचं गांभीर्य बघून ठरतो हे समजावलं, पण मुद्दा पोचला होता.

शेवटी तोडगा मुंबईच्या डबेवाल्यांनी दिला. त्यांच्या डब्यांवर रंग, अक्षरं आणि आकडे असतात. ती खूण त्यांच्या माणसाला कळते, रस्त्यावरच्याला कळत नाही. आम्ही प्रत्येक ग्राहकाला एक नंबर दिला. नंबर आणि घर यांची जोडी, कुणाला काय आजार, कुणाची किल्ली, हे सगळं एका वहीत, आणि वही स्वयंपाकघरातल्या फडताळात. ॲपमध्ये फक्त "७: क डबा, १२ वाजता." क म्हणजे कमी मीठ. हे कळल्यावर आम्हाला एंड-टू-एंडवालं ॲप शोधायची गरजच उरली नाही. पोरांना सवयीचं होतं तेच साधं, फुकटचं ॲप घेतलं, त्याला नोटिफिकेशन सोडून बाकी कुठलीही परवानगी दिली नाही, आणि झालेली कामं महिन्याअखेर पुसायची ठरवलं. खूण केली की काम यादीतून दिसेनासं होतं, पण बहुतेक ॲपांत ते "पूर्ण झालेली" या कप्प्यात वर्षानुवर्षं पडून असतं. वहिनीच्या मैत्रिणीच्या फोनमध्ये तर २०१९ चे सगळे उपवास निघाले.

पहिल्या दिवशी सगळं छान चाललं. बाराच्या सुमारास नवा पोरगा तिसऱ्या मजल्यावर पोचला, आजोबांनी दार उघडलं नाही, आणि वहिनीचा फोन लागेना. तेव्हा त्याने जिन्याच्या खिडकीतून खाली उभ्या असलेल्या जोडीदाराला ओरडून विचारलं, "अबे, सात नंबरची किल्ली कुंडीखालीच असते ना?"

गल्लीने ऐकलं. वहिनीने त्याच संध्याकाळी आजोबांकडे जाऊन ती किल्ली मागून आणली. आता ती कुठे असते ते मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही.